धूरकाकांनी पाळलेले डास

माझ्या सासऱ्यांनी उभं आयुष्य डास मारण्यात घालवलं आणि निवृत्त झाल्यावर डास दत्तक घेतले. हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा निरखून बघतात. बघू देत. सून म्हणून या घरात आल्यापासून मला हसायला आणि रडायला जे काही मिळालं, ते बहुतेक सगळं डासांनीच दिलंय.

सासरे पालिकेत धूर फवारायच्या कामावर होते. खांद्याला पट्टा, पट्ट्याला ते बंदुकीसारखं लांब नळीचं यंत्र, तोंडाला फडकं. यंत्र सुरू झालं की दोन गल्ल्या पलीकडे झोपलेलं मूल दचकून उठायचं. डिझेल आणि औषधाचा पांढरा लोट घराघरांत शिरायचा, पोरं त्या ढगात नाचायची आणि आया दारात उभ्या राहून त्यांच्या नावाने शंख करायच्या. लोटातून सासरे बाहेर यायचे तेव्हा आधी नळी दिसायची, मग पोट, मग माणूस. सगळी वस्ती त्यांना धूरकाका म्हणते. त्यांचं खरं नाव विचारलंत तर टपालवाल्यालाही डोकं खाजवावं लागेल.

त्या यंत्रापायी त्यांचा उजवा कान पार गेला. डावा अर्धामुर्धा आहे. त्यामुळे ते जगाशी ओरडून बोलतात आणि मी त्यांच्याशी ओरडून वाद घालते. नवरा मालाच्या ट्रकवर असतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी. आला की दारातच विचारतो, "तुम्ही भांडताय की गप्पा मारताय?" खरं सांगायचं तर आम्हालाही दर वेळी ठाऊक असतंच असं नाही. बाबा म्हणाले आज ऊन आहे, की मी म्हणणार, कुठे आहे? पुढच्या खोलीत खिडकीशी माझं शिवणयंत्र आहे. लोकांचे कपडे उसवून मापात बसवून देणं हा माझा धंदा, आणि समोरच्याचं बोलणं उसवणं ही खोड. बाबांना ती आवडते, असा निदान माझा तरी समज आहे.

धुराशिवाय त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे शिट्टी. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं आणि बादल्या भरून ठेवलेल्या. डेंग्यूचा डास मोठा नखरेल, त्याला घाण पाणी चालत नाही. असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. त्यावर उपाय म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी पालथी घालून सुकवायची, याला म्हणायचं कोरडा दिवस. पालिकेने हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मग बाबांनी शिट्टी आणली. शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ते अशी काही लांबलचक शिट्टी फुंकायचे की गल्ली कवायतीला निघाल्यासारखी बाहेर यायची. बादली उलटी, ताटली उलटी, कुलरचं पाणी गटारात. पुढे पुढे तर पोरंसुद्धा शिट्टी ऐकली की हातातला पेला पालथा घालायची, मग त्यात दूध का असेना.

यात सगळ्यांच्या पुढे कोपऱ्यावरची आत्या. ती कुणाचीच सख्खी आत्या नाही, त्यामुळे सगळ्यांची आहे. तिच्या ओट्यावर कुंड्याच कुंड्या, प्रत्येक कुंडीखाली ताटली, आणि ती ताटली ती अशी पुसायची की त्यात पाहुण्यांना जेवायला वाढायचंय. दुसऱ्याच्या दारात पाणी साचलेलं दिसलं तर स्वतः जाऊन ओतायची आणि वर त्याला दोन शब्द सुनवायची. बाबा म्हणायचे, आत्याबाई पालिकेत असत्या तर मला घरी बसावं लागलं असतं.

एवढं सगळं करूनही पावसाळ्यात ताप यायचाच. कुठल्या ना कुठल्या घरात यायचाच. माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा तो आमच्या घरात आला आणि सासूबाईंना घेऊन गेला. तापाने फणफणत होत्या तोवर आम्ही सगळे त्यांच्या उशाशी होतो. ताप उतरला तेव्हा आम्ही हुश्श केलं, चहा टाकला. आणि ताप उतरल्यावरच त्या गेल्या. हा आजार असा दगाबाज आहे, हे आम्हाला तेव्हा कुणी नीट समजावलं नव्हतं. त्यांनी मला मुंड्याला बाही कशी जोडायची ते शिकवलं होतं. अर्धंच शिकवून झालं होतं. अजून बाही जोडताना माझा हात एका ठिकाणी अडतो आणि मला त्यांची आठवण येते.

थोड्याच दिवसांत बाबा यंत्र घेऊन कामावर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा डोळे लालभडक. काय झालं, मी विचारलं.

"धूर गेला डोळ्यांत," ते म्हणाले.

"इतकी वर्षं नाही गेला तो?" मी म्हटलं. माझ्या जिभेला कुठे थांबायचं ते कळत नाही. बाबा हातपाय धुवायला गेले.

पुढे ते निवृत्त झाले. पालिकेने मोडीत काढलेलं एक जुनं यंत्र त्यांनी मागून आणलं आणि दुरुस्त करून माळ्यावर ठेवलं. अधूनमधून खाली काढून पुसायचे. बाकी दिवसभर ओट्यावर बसून माझ्या मुलीची वाट बघायचे. ती शाळेतून येते ती थेट त्यांच्या पोटावर आदळते. एका जागी तिचा पाय ठरत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो.

अशाच एका दुपारी संशोधन केंद्रातली एक मुलगी आमच्याकडे आली. जाड चष्मा, पाठीला पिशवी, चपलेचा एक पट्टा तुटायला आलेला. गल्लीने तिचं बारसं लगेच करून टाकलं, डासमॅडम. धूरकाका कुठे राहतात असं विचारत आली होती. बाबांना वाटलं, फवारणीसाठी बोलावणं आलं. ते उठून माळ्याकडे निघालेसुद्धा.

"काका, यंत्र नको," ती म्हणाली. "मला तुमच्या गल्लीत डास सोडायचेत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. नीट ऐकू आलं की नाही अशी शंका आली की ते माझ्याकडे बघतात. मी ओरडून सांगितलं, "डास सोडायचेत म्हणतात!" शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

मग मॅडमने समजावून सांगितलं, आणि मुलीला समजावता येतं हे मला कबूल करावं लागेल. असा एक जिवाणू आहे, तो फुलपाखरांत असतो, फळांवरच्या चिलटांत असतो, माणसाला काही करत नाही. डेंग्यूच्या डासात तो मुळात नसतो, तो केंद्रात त्याच्यात घातलाय. तो पोटात असला की डेंग्यूचा विषाणू त्या डासात नीट वाढू शकत नाही. मग तो डास चावला तरी ताप पोचवणं त्याला फार कठीण जातं.

"आणि प्रत्येक डासाला धरून तुम्ही तो पाजणार?" मी विचारलं.

"नाही ताई. मादीकडून तो अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. आईकडून लेकरांना. आमचे नर बाहेरच्या माद्यांशी जमले तर ती अंडी फुकट जातात. हळूहळू गल्लीत आमच्याच आयांची लेकरं उरतात."

"म्हणजे चांगल्या घरच्या सुना आणायच्या आणि सगळी वस्ती सुधारायची," मी म्हटलं.

मॅडम खळखळून हसली. हे मी पुढच्या सभेत वापरणार, म्हणाली. मी म्हटलं, वापरा, फक्त माझ्या सासऱ्यांकडे बघून म्हणा.

बाबा हसले नाहीत. ते पुढे सरकून बसले होते, डावा कान तिच्याकडे करून. "आणि मलेरिया?" त्यांनी विचारलं.

"त्याचा डास वेगळा काका, तो अंधारात चावणारा. माझ्या शेजारच्या खोलीतली माणसं त्याच्या मागे आहेत. लहान मुलांसाठी लशी निघाल्यात, त्यांचा जोर जास्त काळ कसा टिकेल ते बघणं चाललंय. माझ्या वाट्याला हा दिवसा चावणारा आला."

"आणि धूर?"

"धूर नको. डास सोडायचं चालू असेपर्यंत अजिबात नको. धुरात आमचेही मरतील."

तिने आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. शहरातल्या काही गल्ल्यांत हे डास सोडायचे, काहींत नाही, आणि मग दोन्हीकडच्या तापांची तुलना करायची. कुठल्या गल्लीत सोडायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरलंय. आमची चिठ्ठी निघालीय, पण लोकांच्या मर्जीविरुद्ध काही होणार नाही. बहुतेक घरांनी नको म्हटलं तर आमची गल्ली सोडून द्यावी लागेल.

"गल्लीचं माझ्याकडे लागलं," बाबा म्हणाले. धुराच्या बाहेर त्यांना इतक्या उत्साहात मी पहिल्यांदाच बघत होते.

झालं. घरोघरी डबे आले. पांढरा झाकणाचा डबा, बाजूला भोकं, आत पाणी, चिमूटभर माशांचं खाद्य, आणि कागदाची एक पट्टी. पट्टीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. ती अंडी. डबा सावलीत टांगायचा, पाणी सांडायचं नाही, आठवड्या-दीड आठवड्यात पिल्लं मोठी होऊन भोकांतून उडून जातात, मग मॅडम नवीन पट्टी घालते. गल्लीने डब्यांचं नाव पाळणाघर ठेवलं. बाबांनी दारोदार जाऊन प्रत्येकाच्या कानात ओरडून सगळं समजावलं. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आली नाही.

शनिवार उजाडला. बाबा नेहमीसारखे उठले, अंगात सदरा घातला, गल्लीच्या तोंडाशी गेले आणि शिट्टी फुंकली.

गल्लीने जे करायला ती शिकली होती ते केलं. मी खिडकीतून बघत होते, आणि मलाही कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. बादल्या उलट्या झाल्या, ताटल्या उलट्या झाल्या, आणि त्यांच्यासोबत एकूण एक डबा उलटा झाला. आत्याने तर तो आतून साबणाने घासला, फडक्याने पुसला आणि उन्हात वाळत घातला. अंडी कचऱ्याच्या टोपलीत. बाबा शिट्टी तोंडात तशीच धरून मधोमध उभे होते, आणि त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

मॅडम आली तेव्हा गल्लीभर ओट्या-ओट्यांवर पांढरे डबे चकचकीत होऊन रांगेत वाळत होते. ती आमच्या पायरीवर मटकन बसली. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर हसून हसून तिच्या चष्म्यावर वाफ आली होती. "अशी शिस्त मी कुठल्याच गल्लीत बघितली नाही हो," ती म्हणाली.

आत्याची मात्र तत्त्वाचीच अडचण होती. "अहो धूरकाका, आयुष्यभर तुम्हीच सांगितलंत पाणी साठवू नका. आता माझ्या ताटलीतलं पाणी पाप आणि तुमच्या डब्यातलं पुण्य?"

शेवटी तोडगा मी काढला. उरलेल्या पिवळ्या कापडाचे तुकडे माझ्याकडे पडले होते, त्यांचे मी डब्यांना झगे शिवले, खाली जरा झालरसुद्धा लावली. नियम सोपा. उघडं दिसेल ते पालथं घाला, अंगात कपडे असतील त्याला हात लावू नका. हे गल्लीला पटलं. पुढच्या शनिवारी शिट्टी झाली आणि झगेवाले डबे सुखरूप राहिले.

काही आठवड्यांत डास वाढले, हे तर होणारच होतं. लोक कुरकुरायला लागले. कुणी टाळी वाजवून एखादा मारला की ओरडून सांगायचं, "धूरकाका, तुमचा एक नातू गेला!" बाबाही ओरडून विचारायचे, "मुलगा की मुलगी? मुलगे चावत नाहीत, उगाच मारू नका!" आमच्या घरात मॅडमने डास पकडायचा छोटा पंखा लावला होता. त्यातले डास ती केंद्रात नेऊन तपासायची, आमचे किती आणि बाहेरचे किती ते बघायला. चाललं होतं बरं. आणि मग एका दुपारी भिंगरी शाळेतून आली आणि बाबांच्या पोटावर आदळली नाही. ओट्यावर बसून राहिली. मी कपाळाला हात लावला, तर ते तव्यासारखं तापलेलं.

रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. तिला हॉस्पिटलात दाखल केलं. नवरा ट्रक घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, त्याला यायला आठवडा लागणार होता. पोरीच्या हाताला सुई लावलेली, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. मी तिच्या पलंगाला धरून बसले होते आणि मला दिसत सासूबाई होत्या.

तिकडे गल्लीत भडका उडाला. शेजारणीने फोन करून सगळं सांगितलं. डास पोसले आणि स्वतःच्याच नातीला भोवले, असं आत्या म्हणतेय. लोकांनी डबे काढून आणून आमच्या ओट्यावर ढीग घातलाय. धूरकाकांना सांगतायत, माळ्यावरचं यंत्र काढा आणि आत्ता धूर मारा. गल्ली प्रयोगातून गेल्यातच जमा आहे.

मी बाबांना फोन लावला. मला तेव्हा ना मॅडम आठवली ना फुलपाखरांतला जिवाणू. "बाबा, मारा धूर," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. एक डास ठेवू नका."

"नाही," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडले, अख्ख्या वॉर्डाने माना वळवल्या.

"ऐकू आलं, सूनबाई. नाही मारणार."

मी फोन कापला. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की समोर असते तर काय बोलले असते देव जाणे. पोटची पोर इथे निपचित पडलीय आणि या म्हाताऱ्याला डास प्यारे. हेच मी मनात म्हटलं, ह्याच शब्दांत, आणि मला त्याची लाज वाटत नाही. कुठल्याही आईने म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, सुटलात. पण नर्स म्हणाली, "आताच जपायचं. ताप उतरल्यावरचे दोन दिवस खरे. पोटात दुखतंय म्हणाली, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर लगेच मला हाक मारायची." हे त्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर, असं मनात आलं आणि मी तोंड फिरवलं. तेवढ्यात बाबा दारात दिसले.

ते येऊन स्टुलावर बसले. बराच वेळ भिंगरीच्या पायाला हात लावून बसून राहिले, पाय गरम आहे ना ते बघत. मग बोलले, आणि हळू बोलले. मी या घरात आल्यापासून त्यांना हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुझ्या सासूच्या वेळी मी रोज मारायचो धूर. ती आजारी पडायच्या आधीपासून. काम संपवून आलो की घरात मारायचो. पलंगाखाली, कपाटामागे. आख्ख्या शहरात सगळ्यात जास्त धूर आपल्या घरात झाला असेल. तरी ती गेली."

मी भिंगरीचं पांघरूण सारखं केलं.

"धूर दिसतो, सूनबाई. दिसला की लोकांना बरं वाटतं, कुणीतरी काहीतरी करतंय. मलाही वाटायचं. उडणारे मरतात थोडे. कोपऱ्यात बसलेले वाचतात, पाण्यातले वाचतात, दोन दिवसांत पुन्हा सगळं तेच. मला ठाऊक होतं."

"मग कशाला मारलात इतकी वर्षं?"

"दुसरं काय होतं हातात?" ते म्हणाले. "आता आहे."

मग म्हणाले, "हिच्या शाळेकडच्या गल्ल्यांत डबे नाहीत. तिकडे चावला की इकडे, मी मॅडमला विचारलं. ती म्हणाली, ठामपणे नाही सांगता येणार. गल्लीतले सगळे डास अजून आपले झालेले नाहीत, म्हणाली. तिने उगाच ठामपणे, तिकडेच चावला म्हणून सांगितलं असतं ना, तर मीच तिचे डबे उचलून दिले असते."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण तो आता बाबांवर नव्हता. त्या दगाबाज आजारावर होता, आणि तिथेच तो असायला हवा होता.

ते दोन दिवस आम्ही दोघांनी डोळ्यांत तेल घालून काढले. पोटात दुखतंय का, विचारून विचारून पोरीला भंडावून सोडलं. रक्तातल्या पेशी खाली गेल्या, अडकून राहिल्या, आणि मग चढायला लागल्या. बाबा तिला काहीतरी गोष्ट सांगत होते, तशाच हळू आवाजात, ती दचकू नये म्हणून. तिने डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजोबा, मोठ्याने बोला ना. ऐकू येत नाहीये."

मी वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला टेकून मनसोक्त रडले.

तिला घरी आणलं तेव्हा डब्यांचा ढीग ओट्यावर तसाच होता. पिवळे झगे घातलेले डबे एकमेकांवर पडलेले, एखाद्या शाळेच्या सहलीसारखे. बाबांनी ना ते परत लावले होते ना फेकले होते. मॅडम पायरीवर उभी होती, चेहरा उतरलेला. आधी तिने भिंगरीची चौकशी केली, मग मला म्हणाली, "ताई, तुमच्या पंख्यातल्या डासांत आता निम्म्याहून जास्त आपले निघतायत. अजून थोडे महिने मिळाले तर ते टिकतील. आत्ता थांबलो तर बहुतेक मागे पडतील. पण तुम्हाला नको असेल तर मी आजच सगळं घेऊन जाते. तुमच्या मुलीनंतर मी तुम्हाला आग्रह नाही करणार."

गल्ली दारांत आणि खिडक्यांत गोळा झाली होती. सगळ्यांना मी काय म्हणते ते ऐकायचं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी ऐकू न आल्यामुळे नव्हे.

मी भिंगरीला त्यांच्या हातात दिलं, ढिगातला वरचा डबा उचलला, झग्याची झालर झटकली आणि तो माझ्या खिडकीला टांगला. शिवणयंत्राच्या अगदी डोक्यावर.

"ताप माझ्या पोरीला आला होता," मी म्हटलं. ओरडायची मला सवय आहेच. "डबा मी लावतेय. आता कुणाला काय बोलायचंय ते बोला."

थोड्या वेळाने शेजारीण आली आणि एक डबा मुकाट्याने उचलून गेली. मग पलीकडचे आजोबा. दिवेलागणीपर्यंत ढीग ओसरला. सगळ्यात शेवटी आत्या आली, भिंगरीसाठी गरम सूप घेऊन. पातेलं ठेवलं, पोरीच्या गालावरून हात फिरवला, आणि ओट्यावर जाऊन उरलेले डबे वरखाली करून बघायला लागली.

"कुठलाही घ्या हो, सगळे सारखेच आहेत," मी म्हटलं.

"सारखे कसे? माझा स्वच्छ असतो," आत्या म्हणाली, आणि तो शोधूनच गेली.

ते महिनेही गेले. डबे परत गेले, झगे मी धुऊन ठेवून दिले. पुढचा पावसाळा आला. शहरात ताप होताच, शाळेच्या बाजूला बराच होता. आमच्या गल्लीतून मात्र त्या पावसाळ्यात कुणालाही डेंग्यूने हॉस्पिटलात न्यावं लागलं नाही. मी मॅडमला म्हटलं, जिंकलात की. ती म्हणाली, "ताई, एका गल्लीवरून आणि एका पावसाळ्यावरून काही म्हणता येत नाही. सगळ्या गल्ल्यांची तुलना व्हायचीय." पण हे म्हणताना ती ज्या तऱ्हेने हसत होती, त्यावरून मला जे कळायचं ते कळलं. चपलाही नव्या होत्या.

आणि त्याच पावसाळ्यात एका सकाळी पालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. नवीन माणूस, नवीन यंत्र, तोच जुना आवाज. मॅडमने आम्हाला सांगून ठेवलं होतं की आता आपले डास रुळलेत, एखाद्या फवारणीने फारसं बिघडणार नाही. पण ते आत्याला कोण सांगणार? हातात ताटली पुसायचं फडकं घेऊन ती गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिच्यामागे शेजारीण, पलीकडचे आजोबा, आणि बघता बघता सगळी गल्ली.

"धूर बाहेर मारा! आत आमचे डास आहेत!" आत्या ओरडत होती. "पोटच्या पोरांसारखे वाढवलेत आम्ही!"

नव्या माणसाने यंत्र बंद केलं. अशी वस्ती त्याने नोकरीत पाहिली नसावी. तो गाडीत बसला, आणि गाडी मागे मागे जात वळली.

बाबा ओट्यावर होते. भिंगरी त्यांच्या खांद्यावर चढलेली. "कोण ओरडतंय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. "आत्या. आमच्या डासांना हात लावायचा नाही म्हणतेय."

ते गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे जिथे उभे राहून ते शिट्टी फुंकायचे, तिथे आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. बाबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले.

"धूर गेला डोळ्यांत," ते म्हणाले.

गल्ली लख्ख होती, आत्याच्या शेवटच्या कुंडीचं पानसुद्धा दिसत होतं.

"हो ना बाबा," मी म्हटलं, "फार धूर आहे आज."